बापाने पोराचं नाव दगडावरून खोडलं, पण तीन ग्रॅमच्या नाण्यावरून ते त्याला पुसता आलं नाही

साल होतं ३२६. आजच्या क्रोएशियात समुद्राकाठी पुला नावाचं शहर आहे. तिथे एका तरुण सेनापतीला ठार मारण्यात आलं. दोनच वर्षांपूर्वी याच पोराने एक आरमारी लढाई जिंकली होती आणि त्या विजयाने अख्ख्या रोमन साम्राज्याची चावी सम्राटाच्या हातात आली होती. पोराचं नाव क्रिस्पस.

त्याला मारायचा आदेश काढला होता खुद्द सम्राटाने. आणि हा सम्राट त्याचा सख्खा बाप होता.

नुसतं मारून हा बाप थांबला नाही. साम्राज्यभरच्या शिलालेखांवर जिथे जिथे क्रिस्पसचं नाव होतं, तिथे छिन्नी चालली. दरबारी लेखकाने पुढे सम्राटाचं चरित्र लिहिलं, त्यात या मुलाचा उल्लेखसुद्धा नाही. जणू तो जन्मालाच आला नव्हता.

पण एका गोष्टीवर सम्राटाचं काही चाललं नाही. बाजारात, सैनिकांच्या थैल्यांत, शेतकऱ्यांच्या मडक्यांत पोराच्या नावाची असंख्य नाणी फिरत होती. ती कशी गोळा करणार? त्यातली पुष्कळशी आजही शिल्लक आहेत, आणि एखाद्या मोबाईल फोनच्या किमतीच्या कितीतरी कमी पैशांत विकत मिळतात.

या बापाचं नाव कॉन्स्टंटाईन. ख्रिश्चन धर्माला राजाश्रय देणारा पहिला रोमन सम्राट, इस्तंबूलच्या जागी नवी राजधानी वसवणारा माणूस. रोमन नाणी जमवायला सुरुवात करणाऱ्याच्या हातात पहिलं नाणं येतं ते बहुतेकदा याचं किंवा याच्या घरातल्या कुणाचं. त्यामुळे त्याचं आयुष्य समजलं, की स्वस्तातली रोमन नाणी ओळखायला निम्मं शिकून झालं असं समजा.

चार सम्राट, चेहरा एकच

कॉन्स्टंटाईनचा जन्म साधारण २७२ सालचा, आजच्या सर्बियातल्या निश शहरातला. बाप कॉन्स्टंशियस सैन्यात अधिकारी. आई हेलेना साध्या घरची, खाणावळीत काम करणारी होती असं जुने लेखक सांगतात. पुढे कॉन्स्टंशियसचं नशीब फळफळलं आणि त्याने वरिष्ठ सम्राटाच्या घरातल्या मुलीशी लग्न केलं. हेलेना बाजूला पडली.

२९३ मध्ये डायोक्लेशियन या सम्राटाने साम्राज्याचा कारभार चौघांत वाटला. दोन मोठे सम्राट, त्यांना ऑगस्टस म्हणायचं. दोन धाकटे, ते सीझर. कॉन्स्टंशियस सीझर झाला. पोराला मात्र पूर्वेकडच्या दरबारात ठेवलं गेलं. वरून शिक्षण, आतून ओलीस.

डायोक्लेशियनने चलनही बदललं. साधारण २९४ पासून ब्राँझचं एक मोठं नाणं सुरू झालं. वजन सुमारे १० ग्रॅम, वरून चांदीचा पातळ मुलामा. जमवणारे त्याला फॉलिस किंवा नमस म्हणतात. यावरचे चौघांचे चेहरे बघितले तर डोकं चक्रावतं. चौकोनी डोकं, आखूड दाढी, जाड मान, सगळे एका साच्यातले. चौघेही एकच आहेत हे लोकांना दाखवायचं होतं, म्हणून चेहरे मुद्दाम सारखे केले होते.

म्हणून या काळातलं नाणं चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नये. कडेने फिरणारी अक्षरं वाचायची. लॅटिन येत नसलं तरी अडत नाही, कारण अक्षरं इंग्रजीसारखीच असतात. फरक इतकाच, की यू च्या जागी व्ही कोरलेला असतो आणि दोन शब्दांमध्ये बऱ्याचदा जागाच सोडलेली नसते.

यॉर्कच्या छावणीतला दिवस

३०५ मध्ये कॉन्स्टंटाईन पूर्वेकडून निसटून बापाकडे पोचला आणि दोघे ब्रिटनच्या मोहिमेवर गेले. २५ जुलै ३०६ रोजी यॉर्कमध्ये बापाचा मृत्यू झाला. सैन्याने तिथल्या तिथे पोराला सम्राट म्हणून घोषित केलं. पूर्वेकडच्या गॅलेरियस या ज्येष्ठ सम्राटाला हे रुचलं नाही. त्याने मधला मार्ग काढला. ऑगस्टस नाही, फक्त सीझर म्हण.

हा सगळा मानापमान नाण्यावर वाचता येतो. त्या पहिल्या महिन्यांतल्या नाण्यांवर कॉन्स्टंटाईनच्या नावापुढे एन, ओ, बी आणि सी ही अक्षरं आहेत. नोबिलिसिमस सीझर, म्हणजे धाकटी गादी. ३०७ मध्ये त्याने फाउस्टा या राजघराण्यातल्या मुलीशी लग्न केलं आणि सासरा मॅक्सिमियनने त्याला ऑगस्टस मानलं. त्यानंतर नावापुढे ए, व्ही, जी ही अक्षरं येतात. तीन-चार अक्षरांवरून नाण्याचं साल दीड-दोन वर्षांच्या आत पकडता येतं.

फाउस्टाशी लग्न झालं तेव्हा कॉन्स्टंटाईनला आधीच एक मुलगा होता. मिनर्विना नावाच्या स्त्रीपासून झालेला. तोच क्रिस्पस.

सूर्यदेव सोबतीला

३१० मध्ये सासऱ्यानेच बंड केलं. ते मोडलं आणि सासऱ्याला जीव गमवावा लागला. आता सासऱ्याच्या घराण्याच्या नावावर राज्य करण्यात अर्थ नव्हता. कॉन्स्टंटाईनने नवा पाठीराखा शोधला, तो थेट आकाशातला. सूर्यदेव.

या काळात नाण्यांच्या मागच्या बाजूला एक उभी आकृती दिसू लागली. डोक्याभोवती किरणं, उजवा हात वर, डाव्या हातात गोल. भोवती सोली इन्विक्टो कॉमिती ही अक्षरं, म्हणजे अजिंक्य सूर्याला, सम्राटाच्या सोबत्याला. कॉन्स्टंटाईनचं सगळ्यात सहज मिळणाऱ्या नाण्यांपैकी हे एक. पुढच्या बाजूचा चेहराही एव्हाना बदलला होता. दाढी गेली, नाक धारदार झालं, गळा लांब झाला. जुन्या चौघांच्या साच्यातून तो बाहेर पडला होता.

२८ ऑक्टोबर ३१२ रोजी रोमजवळ मिल्वियन पुलापाशी त्याने मॅक्सेंटियसला हरवलं. हा मॅक्सेंटियस म्हणजे फाउस्टाचा भाऊ, कॉन्स्टंटाईनचा मेहुणा. तो टायबर नदीत बुडून मेला. लढाईआधी कॉन्स्टंटाईनला ख्रिस्ताचं चिन्ह दिसलं ही प्रसिद्ध कथा याच लढाईची. ३१३ मध्ये त्याने आणि पूर्वेकडच्या लिसिनियसने मिळून ख्रिश्चनांना धर्म पाळायची मोकळीक दिली.

गंमत अशी, की नाण्यांवरचा सूर्यदेव त्यानंतरही पाच-सहा वर्षं हलला नाही. राजाचा धर्म बदलला तरी लोकांच्या खिशातलं चित्र बदलायला वेळ लागतो.

याच वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती, ती तराजूवर कळते. १० ग्रॅमचं नाणं ३०७ पासून उतरत गेलं. ३१० च्या सुमारास साडेचार ग्रॅम, ३१३ नंतर साडेतीनच्या आसपास, पुढे तीन. दुसरीकडे त्याने सॉलिडस नावाचं सोन्याचं नाणं काढलं, एका रोमन पौंडात ७२, म्हणजे प्रत्येकी साधारण साडेचार ग्रॅम. हे सोन्याचं नाणं पुढे जवळपास सातशे वर्षं टिकून राहिलं. श्रीमंताच्या पेटीतलं सोनं पक्कं राहिलं आणि गरिबाच्या मुठीतलं ब्राँझ झिजत गेलं.

नवशिक्याच्या हातात येतं ते हेच गरिबाचं नाणं. म्हणून शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा हे त्याचं पहिलं हत्यार. वजन आणि व्यास कळला, की वर्षांचा अंदाज लागतो.

पोरांची नावं, पोरांची नाणी

१ मार्च ३१७ रोजी कॉन्स्टंटाईन आणि लिसिनियसने वारस जाहीर केले. कॉन्स्टंटाईनचे दोन मुलगे, क्रिस्पस आणि धाकटा कॉन्स्टंटाईन, आणि लिसिनियसचा मुलगा. तिघेही सीझर. यातला क्रिस्पस तेवढा मिसरूड फुटलेला, बाकीचे दोघे अक्षरशः पाळण्यातले. तरी तिघांची नाणी निघाली, डोक्यावर पानांचा मुकुट आणि अंगात चिलखत.

इथेच नवशिके हमखास फसतात. बाप कॉन्स्टंटिनस, एक मुलगा कॉन्स्टंटिनस, दुसरा मुलगा कॉन्स्टंशियस, तिसरा कॉन्स्टन्स, आणि आजोबाही कॉन्स्टंशियसच. अक्षरं झिजलेली असली तर सगळे एकच वाटतात. त्यातून वाट काढायची ती पदवीवरून. नावापुढे ए, व्ही, जी असेल तर ३३७ पर्यंत बाप. आय, व्ही, एन असेल तर ज्युनियर, म्हणजे त्याच नावाचा मुलगा. क्रिस्पसचं नाव मात्र कुणासारखंच नाही. सी ने सुरू होऊन पुढे आर, आय, एस, पी दिसलं, की शंका उरत नाही.

क्रिस्पसला बापाने ट्रियरला पाठवलं, आजच्या जर्मनीत. लॅक्टँशियससारखा विद्वान त्याचा शिक्षक होता. ऱ्हाईन नदीवर त्याने फ्रँक आणि अलेमानी टोळ्यांशी लढाया केल्या. त्याची नाणी मागे उलटवली तर वेदीवर ठेवलेला गोल दिसतो, किंवा पानांच्या वेढ्यात व्होट असा शब्द आणि आकडा, किंवा छावणीचा दरवाजा.

चित्राच्या खाली, रेषेच्या तळाला काही बारीक अक्षरं असतात. टांकसाळीची ही खूण पुष्कळजण बघायची विसरतात. पी, एल, ओ, एन असेल तर नाणं लंडनचं. टी, आर म्हणजे ट्रियर, एस, आय, एस म्हणजे आजच्या क्रोएशियातलं सिसाक, ए, एन, टी म्हणजे अँटिऑक. लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंत डझनाहून जास्त टांकसाळी चालू होत्या. लंडनची ३२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे तिथल्या नाण्याला ब्रिटनमधले जमवणारे चार पैसे जास्त देतात.

विजय आणि लगेच घात

३२४ मध्ये कॉन्स्टंटाईन आणि लिसिनियसची शेवटची लढाई जुंपली. डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीत क्रिस्पसने लहान आरमार घेऊन लिसिनियसचं मोठं आरमार मोडलं. सप्टेंबरमध्ये लिसिनियस शरण आला. तो कॉन्स्टंटाईनच्या सावत्र बहिणीचा नवरा होता, तिच्या शब्दाखातर त्याला जीवदान मिळालं. पुढच्याच वर्षी त्याला मारलं गेलं.

आता साम्राज्याचा एकच धनी होता. घरातल्या बायकांनाही मान मिळाला. आई हेलेना आणि बायको फाउस्टा, दोघी ऑगस्टा झाल्या आणि दोघींच्या नावाची नाणी निघाली. फाउस्टाच्या नाण्यावर मागे एक स्त्री दोन मुलांना कडेवर घेऊन उभी आहे, राज्याचं कल्याण, राज्याची आशा अशी अक्षरं भोवती. एका वेळी एकाच घरातल्या आजी, सून, सावत्र मुलगा आणि धाकटी मुलं, सगळ्यांचे चेहरे बाजारात फिरत होते.

आणि ३२६ उजाडलं. आधी क्रिस्पस गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत फाउस्टा. अतिशय तापवलेल्या स्नानगृहात तिचा जीव घेतला गेला असं नंतरचे लेखक सांगतात. सावत्र आईने मुलावर खोटा आळ घेतला आणि सत्य कळल्यावर बापाने तिलाही संपवलं, अशी कथा पुढे रचली गेली. पण त्या काळात लिहिणाऱ्या कुणीही कारण सांगितलेलं नाही. सगळे गप्प बसले.

दोघांच्या नावाची नाणी पाडणं थांबलं. म्हणूनच क्रिस्पसचं कुठलंही नाणं ३१७ ते ३२६ याच काळातलं असतं, आणि फाउस्टाची बहुतेक नाणी जेमतेम दोन वर्षांतली. तारीख छापलेली नसली तरी त्यांच्या मरणाने ती ठरवून दिली आहे.

नवी राजधानी, शेवटचं नाणं

त्यानंतर कॉन्स्टंटाईन रोममध्ये रमला नाही. ११ मे ३३० रोजी त्याने बॉस्फरसच्या काठावर कॉन्स्टँटिनोपलचं उद्घाटन केलं. त्यानिमित्त दोन नाण्यांची जोडी निघाली. एकावर शिरस्त्राण घातलेली रोमा आणि मागे जुळ्यांना दूध पाजणारी लांडगी. दुसऱ्यावर कॉन्स्टँटिनोपल नगरी आणि मागे जहाजाच्या टोकावर पंखवाली विजयदेवी. दोन्ही इतकी पाडली गेली, की आजही सहज मिळतात. सम्राटाच्या डोक्यावर आता पानांऐवजी रत्नजडित पट्टा दिसू लागला. पट्टा दिसला, की नाणं ३२४ नंतरचं.

मग आले दोन सैनिक. मध्ये दोन निशाणं असतील तर ३३० ते ३३५, एकच निशाण असेल तर त्यानंतरचं. नाणं दीड-दोन ग्रॅमवर उतरलं होतं, दोन निशाणांना जागाच उरली नव्हती.

२२ मे ३३७ रोजी निकोमिडियाजवळ कॉन्स्टंटाईन वारला. मरणाआधी काही दिवस त्याने बाप्तिस्मा घेतला. तो जाताच घरात भाऊबंदकीची कत्तल झाली आणि तीन मुलगे ऑगस्टस झाले. त्यांनी बापाच्या आठवणीत इवलीशी नाणी काढली. डोक्यावर पदर घेतल्यासारखं वस्त्र, मागे चार घोड्यांचा रथ, आणि रथातल्या सम्राटाला घ्यायला आभाळातून आलेला एक हात.

मग किंमत किती?

सतराशे वर्षं जुनं म्हणजे लाखमोलाचं, हा पहिला गैरसमज. जुनेपणाला फारशी किंमत नसते. किती शिल्लक आहेत, किती जणांना हवं आहे आणि किती स्पष्ट दिसतंय, यावर भाव ठरतो. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात २०१३ मध्ये एकाच खड्ड्यात २२,८८८ नाणी सापडली, त्यातली बरीचशी याच घराण्याची. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ २०१६ मध्ये १९ रांजणांत सुमारे ६०० किलो ब्राँझची नाणी निघाली. माल इतका असल्यावर भाव चढणार कसा?

नाव आणि चित्र नीट वाचता येणारं कॉन्स्टंटाईनचं साधं ब्राँझचं नाणं साधारण १५ ते ४० डॉलरला मिळतं, म्हणजे हजार-बाराशे ते तीन-साडेतीन हजार रुपये. क्रिस्पसचंही जवळपास तेवढंच. हेलेना आणि फाउस्टाला थोडे जास्त मोजावे लागतात. झिजून गुळगुळीत झालेलं दोन-चार डॉलरलाही पडून असतं. पण ३२७ च्या सुमाराचं कॉन्स्टँटिनोपलचं एक नाणं आहे, ख्रिस्ताचं चिन्ह असलेलं निशाण सापाला भोसकतंय असं चित्र असलेलं. आकार तोच, धातू तोच, चांगल्या प्रतीला भाव हजारो डॉलर. फरक फक्त मागच्या चित्राचा आणि टांकसाळीच्या खुणेचा.

त्यामुळे आधी ओळख, मग भाव. नाव, पदवी, मागचं चित्र, तळाची खूण, वजन, व्यास. एवढं कागदावर उतरवलं, की रोमन इंपिरियल कॉइनेज या सूचीच्या सातव्या खंडात ३१३ ते ३३७ मधलं जवळपास प्रत्येक नाणं क्रमांकासह सापडतं. याच मालिकेवर आधारलेली सूची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. क्रमांक मिळाला, की तेच नाणं लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघायचं. विक्रेत्याने सांगितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे.

दोन सावधगिऱ्या. कडेला फिरणारी शिवण किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे असतील तर ते साच्यात ओतलेलं खोटं नाणं असण्याची शक्यता मोठी, कारण खरी नाणी ठोकून पाडलेली असत. आणि तांब्याची भांडी घासतात तसं चिंच-मीठ लावून नाणं लखलखीत करायचा मोह आवरायचा. वरचा काळा-हिरवा घट्ट थर हेच त्याचं कवच. तो गेला, की तपशील जातो आणि भावही. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र तो रोग, असं नाणं घेऊ नये.

चौथ्या शतकातली अशी रोमन ब्राँझची नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेतही सापडली आहेत. पण भारतात जमिनीतून जुनं नाणं निघालं, तर ते खिशात टाकण्याची वस्तू नसते. १० रुपयांहून जास्त मोलाचा असा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगीरीत्या देशाबाहेर पाठवायलाही बंदी आहे.

मेल्यानंतरच्या त्या इवल्याशा नाण्यावर कॉन्स्टंटाईनच्या नावाला एक पदवी जोडलेली आहे. सम्राटांचा बाप. तीन मुलं सम्राट झाली, त्यांच्या हिशोबाने पदवी बरोबरच होती. चौथ्याला कुणी मोजलं नाही.

पण आज कुठल्याही नाणेविक्रेत्याच्या स्वस्तातल्या ट्रेमध्ये ही दोन नाणी शेजारी शेजारी पडलेली असतात. एक बापाचं, एक पोराचं. भाव जवळपास सारखा, आणि दोन्हींवर नाव अजून वाचता येतं.